आधी ठिबकचा पाईप, मग हॉर्न : शिंगवाद्यांचा संग्रह सुरू करताना

मी हॉर्न जमवतो म्हटलं की सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठल्या गाडीचे?’ माधवनगर रोडच्या एका गॅरेजवाल्याने मला प्रेमाने ट्रकचा एअर हॉर्न आणून दिला होता. शेजारच्या काकूंनी माळ्यावरचा ग्रामोफोनचा भोंगा काढून दिला. दोन्ही अजून घरात आहेत, पण हा लेख त्यांच्यावर नाही. ओठ थरथरवून नळीत फुंकायची जी वाद्यं आहेत, म्हणजे तुतारी, शिंग, बिगुल, बँडमधली पितळी वाद्यं आणि फ्रेंच हॉर्न, ती जमवायची असतील तर सुरुवात कशी करायची, एवढंच इथे सांगतो.

माझ्याकडे आज अकरा वाद्यं आहेत. त्यातली चार घ्यायला नको होती. दिसली, चकाकली, घेतली. नंतर कळलं की हा संग्रह रूपावरून करायचा नसतो. सगळ्या शिंगवाद्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे. एका लांबीच्या नळीत ठराविकच स्वर निघतात, मधले निघत नाहीत. मग मधले आणायचे कसे? कुणी भोंग्यात हात घातला, कुणी नळी बदलली, कुणी व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे दाबली की हवा जादा नळीतून वळवणारी चावी. नवीन वाद्य घेताना मी आता स्वतःला विचारतो, या अडचणीवर याने काय वेगळं केलंय? काहीच नसेल तर नमस्कार करून निघतो.

पहिली पायरी : तासगावचा पाईप

पैसे खर्च करण्याआधी हे करा. द्राक्षबागेला वापरतात तो 16 मिमीचा ठिबकचा लॅटरल कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मीटरवर मिळतो. भोकं नसलेला, साधा मागा. 2.75 मीटर कापा. एका टोकाला तेलाचं नरसाळं चिकटपट्टीने बसवा. दुसऱ्या टोकाला ओठ टेकवा आणि घोडा फुरफुरतो तसे ओठ फुरफुरवत फुंका. गाल फुगवू नका. पहिल्या दिवशी म्हशीसारखा आवाज येईल. येऊ द्या.

चार-पाच दिवसांत ओठ आवळून-सैल करून वेगवेगळे स्वर लागायला लागतात. खालचे स्वर थोडे वाकडे लागतील, वरचे नीट जमतील. ढोबळमानाने क्रम असा : सा, प, वरचा सा, ग, प, मग एक उतरलेला कोमल नी, पुन्हा सा, रे, ग, आणि शुद्ध म व तीव्र म यांच्या बरोबर मधे लोंबकळणारा एक स्वर. हा शेवटचा कुठल्याच रागात बसत नाही आणि पेटीवर सापडत नाही. तो चुकून लागलेला नसतो. नळीच तशी आहे.

ज्यांनी मिरजेत सतारमेकरांच्या दुकानात बसून तंबोरा ऐकलाय त्यांना हे लगेच पटेल. जवारी नीट लागलेल्या खर्जाच्या तारेत न छेडलेला गंधार ऐकू येतो. शिंगातल्या वरच्या यादीतला पहिला ग तोच. तारेचे पाच भाग होतात, इथे हवेचे होतात. आपल्या भागातल्या संग्राहकाला हा कान घरबसल्या मिळतो, त्याचा फायदा घ्या.

2.75 मीटर म्हणजे साधारण पेटीवरच्या काळी 5 या पट्टीची नळी. 3.7 मीटर घेतली तर पांढरी 4. पाईपवर ही पट्टी काटेकोर जुळणार नाही, पण हे दोन आकडे लक्षात ठेवा. फ्रेंच हॉर्न विकत घेताना पुन्हा हेच समोर येणार आहेत.

दुसरी पायरी : तुतारी, पण शोभेची नको

पहिलं खरं वाद्य तुतारी असावं. चंद्रकोरीसारखी वळलेली ती नेहमीची. तिचाच एक अर्धा भाग उलटा फिरवून जोडला की नागमोडी शिंग होतं. दोन्हीत व्हॉल्व्ह नाहीत, भोकं नाहीत. वाजवणारा तीन-चार स्वरांतच काय ती कमाल करतो. आमच्याकडे लग्नात, मिरवणुकीत, पालखीपुढे वाजवणारे लोक एवढ्या स्वरांत काय काय करतात ते जवळ उभं राहून एकदा ऐका.

तुतारी आणि पिपाणी एकच का, असं विचारणारे अजून भेटतात. शेजारच्या साताऱ्यात 2024 च्या लोकसभेला याच गोंधळाची चर्चा झाली. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होतं आणि एका अपक्षाच्या ट्रम्पेटचं, म्हणजे लोक पिपाणी म्हणत होते त्या चिन्हाचं, मराठी नावही यादीत तुतारी. त्या ट्रम्पेटला 37 हजारांवर मतं पडली. राजकारण बाजूला ठेवा, पण वाद्यं ओळखता येणं किती उपयोगाचं असतं ते बघा.

विकत घेताना सावध राहा. हल्ली सत्कारात भेट द्यायच्या शोभेच्या तुताऱ्या फार झाल्या आहेत. त्यांचं तोंड ओबडधोबड असतं, कधी कधी आतून बुजलेलंही असतं. आधी फुंकून बघा. मग तोंडाकडचं टोक अंगठ्याने दाबून, भोंगा वर धरून पाणी ओता. कळशी गळते का ते बघतो तसंच. तांबट पत्रा वळवून झाळ देतो, ती झाळ जिथे सुटली असेल तिथून पाणी पाझरतं. पाझरणारी तुतारी वरच्या स्वरांना दाद देत नाही. झाळ पुन्हा देता येते, त्यामुळे एखाद-दुसरी गळती असेल तर वाद्य सोडू नका, भाव कमी करून घ्या.

तिसरी पायरी : बँडमास्तरांकडे जा

जुनी पितळी वाद्यं कुठे मिळतात? दुकानात नाही. डीजे आल्यावर ज्यांचे बँड बसले, त्यांच्या घरी. युफोनियम, बॅरिटोन, काळी 2 चा छोटा बँडहॉर्न, बिगुल, ट्रम्पेट अशी वाद्यं गोणपाटात गुंडाळून माळ्यावर पडलेली असतात, आणि एक दिवस मोडीत जातात. म्हणून त्या दिवसाचा पितळेच्या मोडीचा भाव माहीत करूनच जा. त्यापेक्षा कमी देऊ नका, हे व्यवहार म्हणून नाही, लाज म्हणून सांगतो. वाद्याने त्या घराचं पोट भरलेलं असतं.

खणभागातले एक निवृत्त मास्तर मला भेटले तेव्हा मी दारातच विचारलं, ‘मास्तर, युफोनियम द्यायचंय म्हणे?’

ते म्हणाले, ‘बसा आधी. वाजवता का नुसतं भिंतीला लावता?’

मी म्हटलं, शिकतोय. त्यांनी वाद्य माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, ‘मग फुंका. आणि फुंकायच्या आधी त्यातलं पाणी काढा, मागच्या लग्नातलं असंल.’ पाण्याची चावी दाबली तर खरंच दोन थेंब हिरवट पाणी पडलं. त्यांनी पैसे कमी घेतले, पण दर महिन्याला एकदा येऊन एक धून वाजवून दाखवायची, ही अट घातली. दोन वर्षं पाळली.

बँडच्या वाद्यांत एक फसवणूक दडलेली असते, आणि ती विकणाऱ्यालाही माहीत नसते. इंग्रजी बनावटीची जुनी वाद्यं पुष्कळदा ‘हाय पिच’ची असतात. आज आपण मधला ध 440 कंपनांचा धरतो, त्या जुन्या पट्टीत तो 452.5 च्या आसपास होता. ब्रिटिश ब्रास बँडवाल्यांनी ही चढी पट्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सोडली नाही. दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या जवळजवळ निम्मा हा फरक आहे. एकटे वाजवलंत तर कळणार नाही. पेटीबरोबर वाजवायला बसलात की ना काळी 5, ना पांढरी 7. ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे पट्टी जुळवायची सरकती नळी, पूर्ण बाहेर ओढूनही पुरत नाही. फोनवर ट्यूनर टाका, तोंड गरम झाल्यावर मधला स्वर पाच वेळा वाजवा आणि आकडा बघा. संग्रहाला हाय पिच चालेल, वाजवायला नको.

नवीन भारतीय बनावटीचं हवं असेल तर मेरठच्या जली कोठी भागात पिढ्यानपिढ्या हे काम चालतं. देशातल्या बँडची बरीच वाद्यं तिथलीच. शिकायला बिगुल तिथला घ्या. फ्रेंच हॉर्न घेताना मात्र आधी हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग तो कुठलाही असो.

चौथी पायरी : ‘पेशवाईतलं’ वाद्य

‘अँटिक’ म्हणून सांगितलं की माणसाची मती गुंग होते. मला एका विक्रेत्याने पेशव्यांच्या फौजेतला हॉर्न म्हणून एक वाद्य दाखवलं होतं. छान काळपट, भोंग्यावर वेलबुट्टी, आणि तीन पिस्टन, म्हणजे वरखाली होणारे व्हॉल्व्ह. मी घेतलं. आधीच कबूल केलेल्या चारांतलं ते पहिलं.

त्याचं असं आहे. पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह बसवण्याचं पेटंट श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी प्रशियात घेतलं ते 1818 साली. पेशवाई बुडाली तीही 1818 साली. म्हणजे व्हॉल्व्ह असलेलं काहीही पेशवाईतलं असूच शकत नाही. माझ्या वाद्यावरचे पिस्टन तर आज ट्रम्पेटवर दिसतात त्या पद्धतीचे, ती रचना पॅरिसच्या पेरिनेची, 1839 च्या सुमाराची. हॉर्नवर दिसणारा गोल फिरणारा रोटर व्हिएन्नात योसेफ रीडलने 1835 ला पेटंट केला. ही तीन वर्षं पाठ असली तर निम्म्या थापा दारातच कळतात.

काळपटपणाने फसू नका. तो रसायन लावून आठवड्यात आणता येतो. बघायचं असतं ते झिजणं. डाव्या हाताची बोटं जिथे टेकतात, तळवा जिथे घासतो, तिथेच पितळ पातळ आणि गुळगुळीत झालेलं असलं पाहिजे. सगळीकडे सारखं जुनं दिसणारं वाद्य कुणी वाजवलेलं नसतं.

जुनी वाद्यं बघून डोळा तयार करायचा असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातलं वाद्यांचं दालन निवांत बघून या. एक पूर्ण सकाळ ठेवा.

पाचवी पायरी : हाताचा हॉर्न आणि व्हॉल्व्हचा हॉर्न

युरोपातला जुना हॉर्न शिकारीचा, नुसती गोल गुंडाळलेली नळी. पट्टी बदलायची तर वाजवणारा वेगवेगळ्या लांबीच्या जोडनळ्या जवळ बाळगायचा आणि गाण्यागणिक बदलायचा. अठराव्या शतकाच्या मध्याला ड्रेस्डेनच्या हाम्पेल नावाच्या वादकाने भोंग्यात उजवा हात घालून मधले स्वर काढायची पद्धत बसवली. हात थोडा झाकला की स्वर उतरतो, पण आवाज गुदमरतो. उघडा आणि झाकलेला स्वर ओळीने येतात तेव्हा गाणारा मधेच तोंडावर पदर धरतोय असं वाटतं. मला हा दोष फार आवडतो. आज फ्रेंच हॉर्नच्या चाव्या डाव्या हाताला का, याचं उत्तरही इथेच आहे. उजवा हात आधीच भोंग्यात अडकला होता.

या जातीचं अस्सल जुनं वाद्य शोधत बसू नका, नवीन बनवलेली प्रतिकृती घ्या. किंवा अगदी सोपं, जुन्या एकेरी हॉर्नचे व्हॉल्व्ह न दाबता नुसत्या हाताने महिनाभर वाजवा. पैसे वाचतील आणि समजेलही.

व्हॉल्व्हचा हॉर्न मात्र नीट तपासून घ्यायचा. दुसरी चावी अर्धा स्वर उतरवते, पहिली एक, तिसरी दीड. एकेरी हॉर्न एकाच पट्टीचा असतो, पांढरी 4 किंवा काळी 5. दुहेरीत दोन्ही नळ्या एकाच वाद्यात, अंगठ्याच्या चावीने बदलायच्या. ही जोडी एरफुर्टच्या क्रुस्पे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी जमवली. नवख्याने दुहेरी घेऊ नये असं माझं मत आहे. वजन जास्त, बिघडायला जागा दुप्पट. काळी 5 चा एकेरी घ्या. उंच स्वर त्यात जरा भरवशाने लागतात.

तपासणी अशी. चावी न दाबता तिची छोटी स्लाइड सरळ थोडी बाहेर ओढा, दोन-तीन श्वास थांबा आणि मग चावी दाबा. ‘टप्’ असा स्वच्छ आवाज आला तर व्हॉल्व्ह घट्ट आहे. आवाज आला नाही तर हवा गळते. प्रत्येक चावीला हे करा. मग रोटरच्या मागचं झाकण उघडा. आतल्या खुणा चावी सोडल्यावर आणि दाबल्यावर बरोबर जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर बहुतेक वेळा नुसता बूच झिजलेला असतो, घाबरू नका. बेताचे पोचेही चालतात. तोंडाकडच्या अरुंद नळीला पोचा असेल तर मात्र सोडा. तिथला ज्वारीएवढा पोचाही स्वर बिघडवतो.

ज्यांचे रोटर दोरीने चालतात त्यांची दोरी कधीतरी तुटणारच, आणि ती कार्यक्रमाच्या आदल्या रात्री तुटते. मी मासेमारीची विणलेली दोरी वापरतो. चावीच्या दांडीच्या टोकाला गाठ, तिथून रोटरच्या खुंटीभोवती आठच्या आकड्यासारखा वेढा, खुंटीचा स्क्रू आवळायचा, आणि दोरी परत दांडीच्या दुसऱ्या स्क्रूखाली. शेवटचा स्क्रू आवळण्याआधी तिन्ही चाव्या एका पातळीत आणा. आणि एक महत्त्वाचं : तिन्ही दोऱ्या एकदम कापू नका. एक बदलताना शेजारची बघत राहायची. मी पहिल्यांदा तिन्ही कापल्या आणि रात्री दोनपर्यंत कोडं सोडवत बसलो.

सहावी पायरी : धुणं, तेल, पाऊस

वाद्यातलं पाणी म्हणजे थुंकी नव्हे, बरंचसं श्वासातल्या वाफेचं पाणी. तरी ते आत राहिलं की पितळातलं जस्त खातं. बाहेर गुलाबी ठिपके दिसले तर आतून सुरुवात झालीय असं समजा. दोन महिन्यांतून एकदा कोमट पाणी आणि भांड्यांचं सौम्य साबण पुरतं. उकळतं पाणी नको, लॅकर सुटतं. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, हे देवघरातल्या समईसाठी ठेवा. दर पॉलिशला थोडं पितळ आणि थोडं बनवणाऱ्याचं नाव झिजत जातं.

रोटरला रोटरचंच तेल. कुणीतरी खोबरेल सुचवतं. खोबरेल 24 अंशांच्या खाली थिजायला लागतं. साताऱ्याच्या डिसेंबरातल्या पहाटेचा विचार करा आणि मग ठरवा.

वाद्य ठेवायची जागा. गोठ्याजवळ किंवा युरियाच्या पोत्यांच्या खोलीत पितळ ठेवू नका. गंमत म्हणून सांगत नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकायची. ती तबेल्यांजवळ साठवलेली असायची. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमट हवा आणि वळवताना पितळात राहिलेला ताण असं तिन्ही एकत्र आलं की धातू फुटतो, हे 1921 च्या सुमारास सिद्ध झालं. ठोकून वळवलेल्या भोंग्यात तो ताण असतोच.

आणि कृष्णा. मी गावभागात राहतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात बहुतेक वाद्यं माळ्यावर होती, दोन पेट्या कॉटखाली राहिल्या. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर मखमलीवर गाळाचा थर, आणि हॉर्न त्यात कुंभाराच्या चाकावरच्या गोळ्यासारखा बसलेला. मी घाईने चाव्या दाबून बघितल्या. तीच चूक. गाळातली रेती रोटरच्या अंगावर फिरली आणि ओरखडे पडले. करायचं होतं ते असं : चाव्यांना हात न लावता सगळ्या स्लाइड काढायच्या, वाहत्या पाण्याखाली गाळ निघेपर्यंत धरायचं, झाकण उघडून रोटर सुटा करायचा, आणि मग हलवायचा. पेटी वाचवत बसू नका. भिजलेल्या मखमलीत बुरशी राहते आणि वाद्य पुन्हा त्यातच जातं. आता आयर्विन पुलाजवळ 40 फुटांची इशारा पातळी आली की मी सगळं उचलतो, 45 च्या धोका पातळीची वाट बघत नाही.

कागदपत्रं, थोडक्यात

शंभर वर्षांपेक्षा जुन्या कलावस्तू 1972 च्या पुरावशेष कायद्यात येतात आणि त्या परदेशी पाठवता येत नाहीत, हे विकताना लक्षात ठेवा. सांबराचं, काळविटाचं शिंग कुणी ‘वाजतंय बघा’ म्हणून आणून दिलं तर घेऊ नका, वन्यजीव कायदा त्याच वर्षीचा आहे. गाई-म्हशीचं चालतं.

एक वही करा. प्रत्येक वाद्याची पट्टी, ट्यूनरचा आकडा, कुठे झाळ आहे, कुठे पोचा आहे, शेवटचं तेल कधी, कुणाकडून घेतलं. सगळ्यात उपयोगी रकाना ‘शेवटचं कधी वाजवलं’ हा आहे. पंधरा दिवसांच्या वर गेलं की रोटर चिकटायला लागतात, निदान आमच्या दमट घरात तरी.

वाजवायचं कुठे, हा प्रश्न शेवटी येतोच. सुरुवातीला आवाज मोठा आणि बेसूर असतो. मी सायकलवर हॉर्न बांधून हरिपूरला संगमावर जातो, संध्याकाळी पाचच्या पुढे. तिथे ऐकायला वारणा आणि कृष्णा दोन्ही असतात, आणि देवळाबाहेरचा चहावाला. तो परवा म्हणाला, ‘ते हात घालून वाजवता ना, ते बरं वाटतं. दुसरं ते चावीचं नका आणू.’

मी दुहेरी हॉर्न सध्या घरीच ठेवतो.